वेगाचे आकडे आणि घरातले कागद

नवा संगणक जुळवून घ्यायचा ठरला की आपल्याकडे पहिली चर्चा प्रोसेसरची होते, दुसरी रॅमची आणि घरात तरुण मुलगा असेल तर तिसरी ग्राफिक कार्डाची. डिस्कचा विषय सर्वात शेवटी येतो आणि दुकानदाराच्या एका वाक्यात संपतो, "एसएसडी टाकतो सर, काळजी करू नका." कोणती एसएसडी, हे कुणी विचारत नाही. विचारलेच तर उत्तर वेगाच्या आकड्यात मिळते. मला हा क्रम उलटा वाटतो. प्रोसेसर जळाला तर दुसरा मिळतो, रॅम गेली तर नवी बसते. डिस्कमध्ये जे असते ते मात्र कोणत्याच दुकानात विकत मिळत नाही.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. संगणक हा माझा विषय नव्हे. या विषयाशी माझा संबंध वेगळ्याच वाटेने आला. आमच्या सोलापुरात लोक माझ्याकडे जुने कागद वाचून घ्यायला येतात. उर्दूतले निकाहनामे, शिकस्ता वळणात घाईने लिहिलेली पत्रे, शाळेच्या रजिस्टरातले उतारे. यातले बरेच कागद केवळ आठवणीसाठी नसतात. इतर मागास वर्गाच्या जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, हे आपल्यातल्या बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन, पिंजारी कुटुंबांना चांगलेच ठाऊक आहे. आणि शाळेच्या जुन्या नोंदीत जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिलेले असते, तेव्हा आजोबांच्या चुलतभावाची, पणजोबांच्या भावाची नोंद शोधत किती शाळांचे उंबरठे झिजवावे लागतात, हेही ठाऊक आहे. असा एखादा उतारा हाती लागला की मुले तो स्कॅन करतात, संगणकात ठेवतात आणि निश्चिंत होतात.

दोन वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी अशाच निश्चिंतीतून जागा झाला. सकाळी संगणक सुरू केला तर डिस्क दिसेचना. आदल्या रात्रीपर्यंत सगळे ठीक होते. खरखर नाही, संथपणा नाही, कसलीही पूर्वसूचना नाही. ती नोंद शोधण्यासाठी त्याच्या वडिलांनी तीन तालुके पालथे घातले होते. वडील आता हयात नाहीत, मूळ उतारा घर बदलताना गहाळ झालेला, आणि कोणत्या शाळेच्या कोणत्या रजिस्टरात ती नोंद सापडली होती, हे फक्त त्या स्कॅनवर होते. डेटा परत मिळवून देणाऱ्यांनी डिस्क पाहिली आणि हात वर केले. डिस्क कोणत्या कंपनीची होती याला महत्त्व नाही, दुकानदाराने बिल दिले नव्हते हेही क्षणभर बाजूला ठेवू. मला महत्त्वाचे वाटते ते हे की ती निवडताना त्याने दुकानात फक्त एक प्रश्न विचारला होता, "फास्ट आहे ना?"

एसएसडी म्हणजे काय, हे थोडे समजून घेतले तर पुढचे सोपे जाते. जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या फिरतात, घरगुती डिस्कमध्ये मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे, आणि एक सुई ग्रामोफोनसारखी इकडून तिकडे धावते. हवी ती जागा गाठायला तिला साधारण १० मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला जेमतेम शंभर वेगवेगळ्या जागा. विंडोज सुरू होताना हजारो लहान लहान फायली ठिकठिकाणांहून उचलाव्या लागतात, म्हणून जुना संगणक सुरू करून आपण चहा टाकायला जात असू. एसएसडीत काहीच फिरत नाही. तोशिबाचे अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात मांडलेली फ्लॅश मेमरी तिच्यात असते, सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार कोंडून माहिती साठवणारी. तिला तीच जागा गाठायला मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहूनही कमी वेळ पुरतो. शंभर पट फरक. हार्ड डिस्क काढून कोणतीही बरी एसएसडी बसवली की दहा वर्षे जुना संगणकही तरतरीत का होतो, त्याचे कारण एवढेच.

खरी उडी इथेच संपते. यापुढच्या उड्या मुख्यतः जाहिरातीच्या आहेत, असे मी म्हणतो तेव्हा माझा भाचा चिडतो. तो पुण्यात शिकतो, खोक्यावरचे सगळे आकडे त्याला तोंडपाठ. "मामू, सात हजारवाला लेव, पाचशेवाला कायकू?" हा त्याचा सल्ला. आकडे त्याचे बरोबरच आहेत. साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचते, कारण त्या जोडणीचीच तेवढी मर्यादा आहे. एनव्हीएमई प्रकारच्या, तिसऱ्या पिढीच्या ड्राइव्हचा आकडा ३५०० च्या आसपास जातो, चौथ्या पिढीचा ७००० पर्यंत, पाचव्या पिढीचा १२,००० च्याही वर. पण हे आकडे एकाच मोठ्या फायलीचे, सलग वाचनाचे आहेत. आपण रोज जे करतो, म्हणजे विंडोज सुरू करणे, ब्राउजर उघडणे, प्रश्नपत्रिका उघडणे, ते लहान लहान विखुरलेल्या वाचनाचे काम असते. त्यात साटा ड्राइव्ह सेकंदाला तीस-चाळीस एमबीवर असतो आणि महागडा एनव्हीएमई साठ-ऐंशीवर. सात हजार कुठे राहिले?

दुसरी बाजू पाहा. ५ जीबीची फाइल पेन ड्राइव्हवरून घरच्या संगणकात घ्यायची आहे. पेन ड्राइव्ह सेकंदाला १०० एमबी देतो, तर ५० सेकंद लागणारच, तिकडे साटा असो की पाचवी पिढी. १०० एमबीपीएसचे इंटरनेट म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. नळाला करंगळीएवढी धार येत असताना हौदाचे तोंड किती रुंद आहे यावर वाद घालण्यात अर्थ नाही. जो दिवसभर चित्रफिती संपादित करतो, ज्याला एका ड्राइव्हवरून दुसऱ्या ड्राइव्हवर शंभर-शंभर जीबी हलवायचे असतात, त्याने जरूर सात हजारवाला घ्यावा. ते त्याचे हत्यार आहे. शिक्षकाच्या, दुकानदाराच्या, बारावीच्या मुलीच्या घरात तो आकडा निव्वळ फुजूलखर्ची आहे.

उर्दूवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट सांगायला हवी, कारण हा प्रश्न मला शाळेतले सहकारी विचारतात. इनपेजमध्ये किंवा युनिकोडच्या नस्तालीक फाँटमध्ये लांब मजकूर सरकवताना संगणक अडखळतो, तो एसएसडीने सुधारेल का? फार नाही. नूरी नस्तालीक १९८१ मध्ये आला तो मिर्झा अहमद जमील यांनी हाताने लिहिलेल्या सुमारे २० हजार जोडांच्या बळावर. नस्तालीक जुळवणे हे मुळातच अवघड काम आहे, अक्षर कुठे वर चढते, कुठे खाली उतरते याचा हिशेब प्रत्येक शब्दाला करावा लागतो. तो हिशेब प्रोसेसर करतो. एसएसडीमुळे फाइल लवकर उघडेल. उघडलेल्या फायलीत अडखळणे तसेच राहील.

मग डिस्क निवडताना पाहायचे काय? पहिली गोष्ट, जी दुकानात कुणी आपणहून सांगत नाही: कप्प्यात किती बिट कोंबले आहेत. मी मुलांना सांगतो तसे सांगतो. एक पेला घ्या. त्यात पाणी आहे की नाही एवढेच पाहायचे असेल तर लांबून दिसते. पेल्यावर ८ खुणा केल्या आणि पाणी कोणत्या खुणेवर आहे हे वाचायचे असेल तर जवळ जावे लागते. १६ खुणा केल्या तर डोळे बारीक करावे लागतात, आणि भरतानाही थेंब थेंब मोजत भरावे लागते. टीएलसी ड्राइव्हच्या एका कप्प्यात ३ बिट म्हणजे ८ पातळ्या असतात, क्यूएलसीत ४ बिट म्हणजे १६. क्यूएलसी त्यामुळे स्वस्त पडते आणि त्यामुळेच लिहिताना संथ असते. हा संथपणा कंपन्या एका युक्तीने झाकतात. रिकाम्या कप्प्यांचा एक भाग तात्पुरता एकच बिट ठेवणारा म्हणून वापरतात. तो भाग भरेपर्यंत वेग झकास, भरला की घसरगुंडी. काही क्यूएलसी ड्राइव्ह तर अशा वेळी जुन्या हार्ड डिस्कच्या वेगावर येतात. ड्राइव्ह जितका भरलेला तितका हा उसना वेग लवकर संपतो. लग्नाची दोनशे जीबीची शूटिंग कॉपी करायला घेतली की कळते.

दुसरी गोष्ट टीबीडब्ल्यू. म्हणजे कंपनी एकूण किती टेराबाइट लेखनापर्यंत हमी देते. सॅमसंगच्या ९७० इव्हो प्लस या टीएलसी ड्राइव्हच्या ५०० जीबी मॉडेलला ३०० टीबीडब्ल्यूची हमी आहे, क्रुशलच्या पी-थ्री या क्यूएलसी ड्राइव्हच्या त्याच आकाराला ११० ची. हा आकडा दाखवून घाबरवणारेही दुकानात भेटतात. त्यांना हिशेब करून दाखवावा. रोज १५ जीबी लेखन धरले, जे घरगुती वापरासाठी भरपूर आहे, तर वर्षाला साडेपाच टीबी होतात. ११० टीबी संपायला २० वर्षे लागतील, ३०० संपायला ५४. म्हणजे झिजून मरणारी एसएसडी घरात सहसा पाहायला मिळत नाही. मरते ती दुसऱ्या कारणांनी: आतली नियंत्रक चिप जाते, वीज अवेळी जाते, मूळ मालच हलका असतो. माझ्या विद्यार्थ्याची डिस्क वर्षभरात किती झिजली असेल? त्या अर्थाने ती जवळजवळ नवीच होती.

म्हणून माझा कौल आहे तो टीएलसीचा, पाच वर्षांच्या हमीचा, आणि ज्या कंपनीचे सेवाकेंद्र किंवा हमीची व्यवस्था आपल्या शहरातून गाठता येते तिचा. साटा की एनव्हीएमई, हे त्या दिवशीच्या भावावर सोडावे. नव्या मदरबोर्डावर एम.टू खाच असतेच, तिथे एनव्हीएमई बसवली की तारांची कटकट वाचते. एवढे मात्र आधी पाहावे: एम.टू हा नुसता आकार आहे, २२ मिमी रुंद आणि बहुधा ८० मिमी लांब. त्या आकारात साटाही येते आणि एनव्हीएमईही, आणि काही खाचांत दोहोंपैकी एकच चालते. चौथ्या पिढीची ड्राइव्ह तिसऱ्या पिढीच्या खाचेत चालते, कमी वेगाने. काही बोर्डांवर एम.टू खाच भरली की साटाचे एखादे तोंड बंद होते. हे सगळे मदरबोर्डाच्या पुस्तिकेत लिहिलेले असते, जी पुस्तिका आपण खोक्यासकट भंगारवाल्याला देतो. आणि तो चिमुकला स्क्रू! ड्राइव्ह दाबून धरणारा तो स्क्रू बोर्डाच्या खोक्यातल्या लहान पिशवीत असतो. तो हरवला की लोक चिकटपट्टी लावतात, मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आकाराबद्दल: ५०० जीबीची ड्राइव्ह विंडोजमध्ये ४६५ दिसते, १ टीबीची ९३१. यात दुकानदाराने फसवलेले नसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. एका घराला ५०० पुरते, पण भाव पाहिला तर १ टीबी दुप्पट महाग नसते, आणि मोठी ड्राइव्ह अर्धी रिकामी राहिली तर तिचा वेगही टिकतो.

पाचवी पिढी घेऊ नये, याचे आमच्याकडे आणखी एक कारण आहे, ऊन. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो. या ड्राइव्ह स्वतःच इतक्या तापतात की त्यांच्या डोक्यावर धातूचा जाड पत्रा लागतो, आणि तापल्या की त्या आपणहून वेग कमी करतात. बंद खोलीत, पंख्याखाली ठेवलेल्या कॅबिनेटमध्ये मे महिन्यात दुपारी बारा हजारांचा वेग शोधत बसणे म्हणजे विनोद आहे.

त्या वाचलेल्या पैशांतून यूपीएस घ्यावा. वीज गेली की एसएसडीच्या आत चाललेले लेखन अर्ध्यावर तुटते. मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरसाठीच्या ड्राइव्हमध्ये अशा वेळी दोन श्वास पुरतील एवढी वीज साठवणारे भाग असतात, घरगुती ड्राइव्हमध्ये ते सहसा नसतात. आपल्याकडे वीज जाते ती सांगून जात नाही.

खरेदीबद्दल थोडे परखड बोलतो. बिल नको म्हटले की थोडे पैसे कमी होतात, हा व्यवहार आपल्या बाजारात सर्रास चालतो, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या दुकानापर्यंत. जीएसटीचे बिल नसेल तर पाच वर्षांची हमी कागदावरच राहते. शिवाय नवी म्हणून दिलेली ड्राइव्ह खरोखर नवी आहे का, हे पाहणे पाच मिनिटांचे काम आहे. क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचे फुकट सॉफ्टवेअर ड्राइव्ह आजवर किती तास चालली आणि तिच्यावर किती लेखन झाले ते दाखवते. नव्या ड्राइव्हवर हे आकडे शून्याच्या जवळपास हवेत. अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून हमी कधीपर्यंत आहे ते दुकानातच उभे राहून पाहावे. दुकानदाराला राग आला तर येऊ द्यावा. आणि '१६ टीबी' असे लिहिलेल्या, अगदी किरकोळ किमतीत मिळणाऱ्या पोर्टेबल एसएसडीच्या वाटेला जाऊ नये. आत लहानसे मेमरी कार्ड असते आणि ते खोटा आकार सांगते. भरले की पुढचे लेखन मागच्यावर चढते किंवा हवेत जाते, फायलींची नावे मात्र जशीच्या तशी दिसत राहतात.

मोठ्या कंपन्याही संत नाहीत. क्रुशलची पी-टू ही ड्राइव्ह आधी टीएलसी घेऊन आली, चांगली परीक्षणे मिळाली, आणि २०२१ मध्ये उघड झाले की त्याच नावाखाली आता क्यूएलसी विकली जाते आहे. म्हणून तीन वर्षांपूर्वीचे परीक्षण वाचून आजची ड्राइव्ह घेऊ नये, शक्यतो अलीकडचे वाचावे.

आता मूळ मुद्दा. एवढे सगळे पाहून उत्तम एसएसडी घेतली, तरी ती एक दिवस जाईल. हमी डिस्क बदलून देते, आतले कागद देत नाही. हार्ड डिस्क मरण्याआधी पुष्कळदा कुरकुरते, टकटकते, थोडा अवधी देते. एसएसडी बहुधा गप्प बसते आणि जाते. चुकून पुसलेली फाइलही एसएसडीवरून परत आणणे अवघड, कारण ट्रिम नावाच्या व्यवस्थेने रिकामी झालेली जागा ती स्वतःच साफ करून ठेवते. त्यात विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्या मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केल्या की डिस्कला आपोआप कुलूप लावू शकतात. मदरबोर्ड बिघडला आणि ड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावली तर ती ४८ अंकी किल्ली मागते. ही किल्ली वहीत लिहून ठेवावी.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचारात आणलेला एक नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. आपल्या घरात तो असा बसतो. एक प्रत संगणकाच्या एसएसडीवर. दुसरी बाहेरच्या साध्या फिरत्या हार्ड डिस्कवर, जी एरवी कपाटात असते. कपाटासाठी मुद्दाम हार्ड डिस्कच म्हणतो. एसएसडीतला भार वीज न देता वर्षानुवर्षे ठेवला तर हळूहळू गळतो. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार पूर्ण झिजलेल्या घरगुती एसएसडीने ३० अंश तापमानात, विजेशिवाय, एक वर्ष माहिती धरून ठेवावी एवढीच अपेक्षा आहे. नवी ड्राइव्ह खूप अधिक टिकते हे खरे, पण आमच्या कपाटांतले तापमान उन्हाळ्यात ३० अंश नसते. तिसरी प्रत दुसऱ्या गावी, बहिणीकडे किंवा भावाकडे, किंवा क्लाउडवर. ज्यांना खासगी कागद परक्या कंपनीकडे द्यायला संकोच वाटतो त्यांच्यासाठी नातेवाइकाचे कपाट चांगले. आपल्यात ईदला येणेजाणे असतेच, वर्षातून दोनदा डिस्क अद्ययावत होते.

मी माझ्या संगणकासाठी काय घेतले? ५०० जीबीची, तिसऱ्या पिढीची, टीएलसी एनव्हीएमई. सोबत १ टीबीची बाहेरची हार्ड डिस्क आणि एक साधा यूपीएस. भाच्याच्या सात हजारवाल्यात आणि हिच्यात जो फरक होता, त्यात यूपीएसचे निम्मे पैसे निघाले. तो घरी आला तेव्हा त्याने वेग मोजला, आकडा पाहून नाक मुरडले, मग स्वतःचा प्रकल्प उघडला आणि तासभर काम केले. वेगाबद्दल पुन्हा काही बोलला नाही.

जुन्या विद्यार्थ्याचे काम अजून चालू आहे. वडिलांच्या एका मित्राला दोन गावांची नावे आठवतात, त्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत तो आणि मी दिवाळीच्या सुट्टीआधी जाऊन आलो. १९५० च्या आधीचे रजिस्टर आहे, पण त्याची पाने एकमेकांना चिकटली आहेत. मुख्याध्यापकांनी उन्हाळ्यात या म्हणून सांगितले आहे. नोंद सापडली की तिथल्या तिथे दोन फोनांत फोटो काढायचा, असे आमचे ठरले आहे.

आणि हो, एसएसडीचे बिल ज्या गुळगुळीत कागदावर छापून येते त्याची शाई वर्षभरात उडते. हमी पाच वर्षांची. घरी आल्याबरोबर बिलाची झेरॉक्स काढून ठेवा.